हंडा लाईनीत ठेवून जायचं, आणि थीम पार्कच्या रांगेचं गणित

डोंबिवलीला आमच्या चाळीत टँकर यायचा त्या दिवशी सकाळपासून हंड्यांची लाईन लागायची. माणूस एकही नाही, नुसते हंडे, कळशा, आणि एक हिरवी बादली जिच्या कडीला ओळखीसाठी लाल चिंधी बांधलेली. बायका नंबर लावून घरी जायच्या, पोळ्या उरकायच्या, टँकरचा हॉर्न वाजला की खाली धावायच्या. हंडा उभा म्हणजे आपण उभे. ही जगातली पहिली व्हर्च्युअल रांग असणार, निदान मी पाहिलेली तरी पहिलीच, आणि तिच्यातली गोम पण तेव्हाच दिसली होती: एकच बाई पाण्याला हंडा, रेशनला पिशवी आणि रॉकेलला डबा लावून यायची. एक माणूस, तीन रांगा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे फ्लोरिडा. भावाकडे टँपाला गेले होते, तिथून ऑर्लँडो गाडीने साधारण दीड तास, भाचा 13 वर्षांचा, मग पार्क आलंच. कुठलं पार्क ते राहू दे. एका रोलर कोस्टरच्या बाहेर बोर्ड होता 70 मिनिटांचा, आम्ही म्हटलं चालेल, उभे राहिलो, आणि 70 ची 115 झाली. शेवटी जिथे चढतात त्याच्या थोडं अलीकडे दोन वाटा एकत्र येतात, एक आमची साधी आणि एक पासवाल्यांची, म्हणजे लवकर आत जायला जास्तीचे पैसे भरलेल्यांची, आणि मधे कॉलेजच्या वयाचा एक मुलगा हात आडवा धरून उभा होता. भाचा मोजायला लागला. तिकडचे 14 गेले, मग आमचे 3. मग तिकडचे 11, आमचे 2. "आत्या, आपली लाईन लांब नाहीये गं, स्लो आहे."

पोराने कळीचा मुद्दा पकडला होता. रांगांच्या शास्त्रात जॉन लिटल या माणसाने 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, दिसायला इतका साधा की यात सिद्ध काय करायचं असं वाटावं: रांगेत किती माणसं आहेत ते बघा, दर मिनिटाला किती पुढे सरकतायत त्याने भागा, तेवढा तुमचा वेळ. म्हणजे समजा एक राइड तासाला 1000 माणसं बसवते आणि तुमच्या पुढे 400 जण आहेत, तर 24 मिनिटं. आता त्याच 1000 पैकी 600 जागा पासवाल्यांना दिल्या. तुमच्या पुढे अजूनही तेच 400, रांग जिन्याच्या त्याच वळणापर्यंत, पण तुमच्या वाट्याला तासाला 400 जागा, म्हणजे पूर्ण एक तास. डोळ्यांना रांग तेवढीच दिसते, म्हणून माणूस फसतो.

आता पूर्ण पार्कचा हिशोब करू. समजा 30,000 माणसं आत आहेत, सगळ्या राइड्स मिळून तासाला 20,000 जणांना फिरवतात, पार्क 10 तास उघडं. दिवसाच्या झाल्या 2 लाख फेऱ्या, डोक्यामागे पावणेसातच्या आत. बस, एवढंच. फोनवरून नंबर लावायचं अॅप कितीही भारी बनवा, मनगटाला बँड बांधा, एआय लावा, हे पावणेसात पावणेसातच राहतात. अॅप फक्त ठरवतं की 12 कोणाला आणि 3 कोणाला. (एक अपवाद आहे, सकाळी उघडल्या उघडल्या आणि रात्री उशिरा राइड्स अर्ध्या रिकाम्या फिरतात, तिथे माणसं वळवता आली तर फेऱ्या खरंच वाढतात. पण भर दुपारी नाही.)

डिस्नेने फास्टपास 1999 मध्ये आणला तेव्हा तो फुकट होता. राइडपाशी मशीन, त्यात तिकीट घातलं की कागदाची चिठ्ठी बाहेर, तिच्यावर एक तासाची वेळ, त्या तासात या आणि छोट्या रांगेतून आत जा. हंडाच झाला की. तोवर फिरा, खा, दुकानात जा, आणि कंपनीला ते हवंच होतं, कारण रांगेत उभा असलेला माणूस टोपी विकत घेत नाही. मग 2013-14 च्या सुमाराला फास्टपास प्लस आला, फोनवर, आणि डिस्नेच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना 60 दिवस आधी बुकिंग. आपल्या रेल्वेचं रिझर्वेशन पण आता 60 दिवस आधीच उघडतं, पण निदान गावाला जायचंय हे माणसाला दोन महिने आधी माहीत असतं. अमुक मंगळवारी दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी आपल्याला हवेत उलटं लटकायची इच्छा होईल हे कोणाला माहीत? कोविडमध्ये ते बंद पडलं आणि 2021 च्या ऑक्टोबरला त्याच्या जागी जिनी प्लस आलं, फ्लोरिडात माणशी दिवसाला 15 डॉलर. 2024 मध्ये त्याचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं आणि त्याच वर्षी प्रीमियर पास पण निघाला, वेळ-बिळ न ठरवता कधीही घुसा, फ्लोरिडात तेव्हा सगळ्यात महाग दिवशी 449 डॉलर, पार्कचं तिकीट वेगळं. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात पण एक्सप्रेस तिकीट मिळतंच.

पैसे घेतात म्हणून सगळे चिडतात, मी पण चिडले, पण फुकटवाल्यातच मूळ घोळ होता असं माझं मत आहे. साध्या रांगेला एक गुण असतो जो आपल्याला अवगुण वाटतो: ती माणसाला पळवून लावते. लांबून वळणं दिसली की अर्धे लोक म्हणतात जाऊ दे, नंतर बघू, आणि शेजारच्या ओस पडलेल्या राइडकडे जातात. रांगेची किंमत आपण पायांनी मोजतो, आणि त्या किमतीमुळे गर्दी आपोआप वाटली जाते. हंडा ठेवून जाता आलं की ही किंमत शून्य. मग ज्याला फारशी हौस नाही तो पण नंबर लावतो, लागला तर लागला. आणि मोकळा झालेला माणूस काय करतो? दुसऱ्या रांगेत उभा राहतो. जी राइड आधी 5 मिनिटांत मिळायची तिला 25 मिनिटं लागायला लागतात. पाण्याचा हंडा लावलेली बाई रेशनच्या रांगेत सापडते ती अशी.

गंमत म्हणजे जुन्या काळी या गर्दीवर चांगला उपाय होता आणि तो काढून टाकला. कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड 1955 ला सुरू झालं, तेव्हापासून काही वर्षांत तिथे कुपनांची वही ठरली, ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे साध्या राइड्स, ई म्हणजे सगळ्यात भारी, आणि वहीत ई मोजकीच. ती पुरवून वापरायची, उरलेल्या वेळात ए-बी-सी संपवायची. रांग आवरायला यंत्रणा-बिंत्रणा काही नाही, नुसती कागदाची वही. 1982 मध्ये कुपनं बंद झाली, एकदा गेटवर पैसे भरले की सगळं हवं तेवढं, आणि मग साहजिकच सगळे ईवरच तुटून पडणार.

मग सुधारायचं कसं? एक रस्ता म्हणजे एका माणसाला एका वेळी एकच हंडा. ब्रिटनमधल्या लो-क्यू नावाच्या कंपनीचं क्यू-बॉट हे यंत्र असंच होतं. साध्या पॅकेजमध्ये राइड निवडली की रांगेत जेवढा वेळ लागला असता साधारण तेवढ्याच वेळाने तुमचा नंबर, तो होईपर्यंत दुसरा नंबर लावता येत नाही. तुम्ही कोणाच्या पुढे घुसत नाही, फक्त उन्हात उभं राहण्याऐवजी बाकावर बसता. मला हे सगळ्यात न्यायाचं वाटतं, पण त्याला बाक लागतात! युनिव्हर्सलचं व्होल्कॅनो बे हे वॉटर पार्क 2017 च्या मे महिन्यात उघडलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना मनगटावर टापूटापू नावाचा बँड बांधला, एका वेळी एकच रांग, आणि सुरुवातीच्या दिवसांत काही घसरगुंड्यांना कित्येक तासांचं वेटिंग लागलं. रांगेत उभी राहणारी हजारो माणसं आता बाहेर होती, त्यांना कुठेतरी मावायला हवं. रांग म्हणजे माणसं साठवायची कोठी पण असते, हे ती मोडल्यावर लक्षात येतं.

दुसरं म्हणजे सगळ्या जागा बुक करायच्या नाहीत. रांगांच्या गणितात एक साधं मॉडेल आहे ज्यात यंत्र 80 टक्के भरलेलं असेल तर सरासरी 4 माणसं अडकलेली असतात, 90 टक्क्यांना 9, आणि 95 टक्क्यांना 19. शेवटचे पाच टक्के इतके महाग! थीम पार्क या मॉडेलइतकं साधं नाही, पण रोख तोच. राइड बंद पडते, कोणी उलटी करतं, कोणाचा बेल्ट लागत नाही. समजा त्या तासाला 600 पासवाल्यांची राइड 40 मिनिटं बंद पडली, तर 400 जण पास हातात घेऊन बाहेर साठले, त्यांना नाही म्हणता येत नाही, ते सगळे परत येणार, आणि राइड चालू झाल्यावर साध्या रांगेचं पाऊल हलत नाही. आमच्या 70 ची 115 झाली ती बहुतेक अशीच, मधे एकदा राइड थांबली होती. तेव्हा प्रत्येक तासात थोड्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवणं, आणि अशा वेळी परत येणाऱ्यांना पुढच्या दोन-तीन तासांत पसरून देणं, याने बराच फरक पडेल. बोर्डावरचा आकडा पण खरा हवा. डिस्नेत रांगेच्या तोंडाशी कोणाच्या तरी हातात लाल कार्ड देतात, ते त्याने वर नेऊन द्यायचं, मधे किती वेळ गेला ते मोजतात. पण ते आधी रांगेत शिरलेल्या माणसाचं सांगतं, आत्ता शिरणाऱ्याचं नाही.

आणि रांगांवर आयुष्यभर काम केलेले एमआयटीचे रिचर्ड लार्सन सांगायचे की माणसाला थांबण्यापेक्षा मागून आलेला पुढे गेला याचा राग जास्त येतो. त्या हात आडवा धरलेल्या मुलाकडे 115 व्या मिनिटाला लोक कसे बघत होते ते पाहून पटलं.

कोणाचंही न काढून घेता पुढे जाता येतं अशी एकच लाईन मला माहीत आहे, सिंगल रायडर. डब्यात दोन-दोन जणांच्या ओळी, तिघांचं कुटुंब आलं की चौथी जागा रिकामीच फिरून येते. तिथे एकटा माणूस बसवला की फेरी खरंच वाढली, ते पावणेसात थोडे वर सरकले. दुसऱ्या दिवशी मी आणि भाचा त्याच लाईनीतून गेलो, 20 मिनिटांत वर. बाहेर आल्यावर वहिनीने स्क्रीनवर फोटो शोधले: एकात भाचा डोळे मिटून, शेजारी कोणीतरी टोपी घट्ट धरलेले आजोबा. मी त्यात नव्हतेच, मी पुढच्या फोटोत, एका अनोळखी बाईचा हात पकडून किंचाळत. वहिनी म्हणाली, "दोघांचा एकत्र एक पण नाही? मग विकत कुठला घ्यायचा?"