थबकणारा ठोकळा आणि दुसऱ्यांदा बाजारात आलेलं पिस्तूल

आधी बार निघतो, गोळी नळीतून बाहेर पडते आणि मग बंदूक खांद्याला लाथ मारते, हा क्रम राजापूरपासून सावंतवाडीपर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगेल. कोकणात पुष्कळ वाड्यांत एखादी ठासणीची नाहीतर काडतुसाची बंदूक असतेच. माकडं, रानडुकरं, गवे भातावर, केळीवर, काजूवर उतरतात, म्हणून शेतसंरक्षणाचा परवाना. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हीच बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची आणि निकाल लागेपर्यंत माकडांकडे बघत बसायचं. तेव्हा धक्का म्हणजे काय, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण वरचा क्रम चुकीचा आहे. गोळी जागची हलते त्याच क्षणी बंदूकही मागे सरकू लागते. गोळी नळीत असतानाच धक्क्याचा मोठा भाग बंदुकीला मिळून गेलेला असतो. पुढे नळीतून सुटणारा वायू त्यात थोडी भर घालतो, एवढंच.

पिस्तुलात हा सगळा मामला साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. ठासणीच्या बंदुकीत तेवढ्या वेळात काही बिघडत नाही, कारण तिची नळी मागून बंदच असते. आपोआप पुढचं काडतूस भरणाऱ्या पिस्तुलात मात्र मागचं दार उघडायचं असतं आणि ते कधी उघडावं यावर सगळं अवलंबून असतं.

हे लिहायला निमित्त झालं माझ्या भाच्याचं. तो टेक्सासमध्ये असतो, गावाबाहेर घर आहे आणि घरात ठेवायला त्याला एक लहान पिस्तूल हवं आहे. तिथल्या एका दुकानात त्याला रेमिंग्टन या अमेरिकी बंदूक कंपनीचं आर-५१ हे पिस्तूल जुन्यात, पुष्कळच स्वस्त मिळतंय. “मामा, ह्यां घेव काय नको?” असं त्याने विचारलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी फोनवरच निकाल दिला की ज्या मालाची एकदा बोंब झाली तो पुन्हा दारात आणू नये. दुकानदाराने त्याला उलट सांगितलं की ही सुधारलेली आवृत्ती आहे, जुने दोष गेले. मला दोन्ही उत्तरं पुरेशी वाटत नाहीत. (इथे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. आर-५१ हे ९ मिलिमीटरचं आहे, आणि आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतला व्यास) आहे. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. त्यामुळे हा प्रश्न कोकणातल्या कुणाचा नाही, भाच्याचा आहे.)

आधी पिस्तुलाचा इतिहास. जॉन पेडरसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने पहिल्या महायुद्धाच्या काळात एक वेगळीच यंत्रणा शोधली. ती वापरून रेमिंग्टनने १९१८ पासून ‘मॉडेल ५१’ हे खिशात मावणारं पिस्तूल काढलं. ते .३२ आणि .३८० या सौम्य काडतुसांवर चालायचं. हातात नीट बसणारं, धक्का कमी देणारं असं त्याचं नाव झालं. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांच्याकडेही ते होतं. याच यंत्रणेचं .४५ बोअरचं पिस्तूल अमेरिकी नौदलाने तपासून पसंत केलं होतं, पण युद्धाच्या गडबडीत ते मागे पडलं. मग १९२० च्या दशकातच मॉडेल ५१ चं उत्पादन थांबलं आणि पेडरसनची यंत्रणा जवळपास विसरली गेली. २०१४ च्या जानेवारीत रेमिंग्टनने तीच नव्या अंगाने, ९ मिलिमीटरच्या जोरकस काडतुसासाठी आणली. तेच आर-५१.

जोरकस म्हणजे किती, ते आकड्यांत बघू. .३२ ची गोळी सुमारे ४.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. ९ मिलिमीटरची साडेसात ग्रॅमची आणि वेग ३६० मीटरच्या आसपास. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, हे शाळेत झालेलं आहे. पहिल्याचा संवेग येतो १.२७, दुसऱ्याचा २.७, म्हणजे दुपटीहून जास्त. काडतुसातल्या दाबाची कमाल मर्यादा .३२ साठी सुमारे १,४०० बार (इथे बार म्हणजे दाबाचं एकक), ९ मिलिमीटरसाठी सुमारे २,४०० बार. तेवढा दाब नळीच्या तोंडाएवढ्या क्षेत्रफळावर धरला तर क्षणभरासाठी दीड टन वजनाइतकं बल काडतुसाच्या त्या बोटभर पितळी पुंगळीच्या बुडावर येतं.

आता साधं पिस्तूल घ्या. .३२ च्या बहुतेक पिस्तुलांत दाराला कुलूप नसतंच. वरची स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग, आणि तिच्यामागची स्प्रिंग, बस्स. गोळी पुढे जाते, पुंगळी स्लाईडला मागे ढकलते, आणि स्लाईड जड आहे म्हणून ती सावकाश उघडते. ३५० ग्रॅमची स्लाईड धरली तर तिला मिळणारा वेग १.२७ भागिले ०.३५, म्हणजे सेकंदाला ३.६ मीटर. हे चालून जातं. याच स्लाईडला ९ मिलिमीटरचं काडतूस जोडलं की वेग होतो ७.७ मीटर आणि ऊर्जा साडेचार पट. पुंगळी दाब उतरण्याआधी मागे खेचली जाते, स्लाईड आतल्या भागावर हातोड्यासारखी आदळते. वेग पुन्हा ३.६ वर आणायचा तर स्लाईड ७५० ग्रॅमची लागेल. अख्खं आर-५१ रिकामं असताना साधारण सव्वासहाशे ग्रॅम भरतं! म्हणून लहान आकाराच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाला कुलूप लागतंच. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्रसंशोधकाने ते काम नळीच तिरकी करून केलं: सुरुवातीला नळी आणि स्लाईड एकमेकांत अडकून दोघी मागे येतात, मग नळीचं बूड खाली झुकतं आणि स्लाईड सुटते. आपल्या पोलिसांच्या कमरेला असलेलं ईशापूरच्या सरकारी कारखान्यातलं ९ मिलिमीटर पिस्तूल याच तत्त्वावर चालतं.

पेडरसनने नळीला हातच लावला नाही. ती सांगाड्यात घट्ट बसवली आणि स्लाईडच्या पोटात एक वेगळा पोलादी ठोकळा ठेवला. पुंगळीचं बूड या ठोकळ्यावर टेकतं. बार निघाला की ठोकळा आणि स्लाईड एकत्रच किंचित मागे येतात. तेवढ्यात ठोकळ्याची मागची कड सांगाड्यातल्या एका खांद्यावर आपटते आणि ठोकळा थबकतो. दीड टनाचं बल आता सरळ सांगाड्यावर जातं. स्लाईड मात्र थांबत नाही. पहिल्या इवल्याशा प्रवासात तिला जो वेग मिळाला, त्याच्या जिवावर ती एकटी मागे जात राहते, आणि जाता जाता तिच्या आतला उतार ठोकळ्याला खांद्यावरून वर उचलतो. मग दोघं पुन्हा एकत्र मागे जातात, पुंगळी बाहेर फेकली जाते. आमच्या जुन्या घरांच्या दाराची कडी जरा सैल असली की वाऱ्याच्या झोताने दार बोटभर हलतं आणि कडीवर अडतं. वारा कितीही जोराचा असो, कडी वर उचलल्याशिवाय दार उघडत नाही. इथे दार हलतं तेव्हाच कडी उचलणाऱ्या हाताला गती मिळते आणि तो हात पोचेपर्यंत वारा पडलेला असतो.

यात मला सगळ्यात देखणी वाटते ती वेळेची मोजणी. पिस्तुलात घड्याळ नाही, दाब मोजणारं काही नाही. ‘दाब उतरला का’ हे यंत्रणेला कळत नाही, तरी ती योग्य वेळ थांबते, कारण ती वेळ एका अंतराच्या रूपाने पोलादात कोरून ठेवलेली आहे. ठोकळा आणि खांदा यांच्यामधलं ते बारीकसं अंतर सगळं ठरवतं. तेवढ्या प्रवासात बल साधारण स्थिर राहिलं असं धरलं, तर स्लाईडला मिळणारा वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो: अंतर चौपट तर वेग दुप्पट. अंतर ठरल्यापेक्षा जास्त झालं तर ठोकळा उशिरा थबकतो, पुंगळी आधाराबाहेर जास्त येते आणि तिचं पातळ अंग फुगतं. अंतर कमी झालं तर स्लाईडला पुरेसा जोर मिळत नाही, ती अर्ध्यावर मरगळते, पुंगळी अडकते. उताराचा कोन, स्लाईडचं वजन, स्प्रिंगचा ताण, खांद्याची कड हे सगळे याच हिशेबात येतात. नळी मात्र स्थिर राहते, त्यामुळे ती हाताच्या जवळ, खाली बसवता येते आणि तोंड कमी उडतं. जाहिरातीतला हा दावा खरा होता.

आता दोष. २०१४ च्या पहिल्या खेपेतली पिस्तुलं गिऱ्हाइकांच्या हातात पडली आणि तक्रारी सुरू झाल्या. स्लाईड ओढायला खरखरीत आणि जड, काडतुसं अडकतात. सर्वांत गंभीर तक्रार म्हणजे स्लाईड पूर्ण मिटलेली नसतानाही बार उडतो. फुगलेल्या पुंगळ्यांचे फोटो लोकांनी दाखवले. त्याच उन्हाळ्यात कंपनीने विक्री थांबवली आणि मान्य केलं की चाचणीतली पिस्तुलं व्यवस्थित चालली होती, अडचण नमुन्यापासून घाऊक उत्पादनाकडे जाताना आली. ज्यांनी घेतलं होतं त्यांना बदलून नवं पिस्तूल आणि वर दोन मॅगझिन (काडतुसं भरायच्या पेट्या) देण्याचं कबूल केलं. काही महिन्यांत येणार म्हटलेली सुधारित आवृत्ती बाजारात यायला २०१६ उजाडलं.

कंपनीच्या त्या कबुलीतच भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. नमुना कुशल कारागीर हाताने घासून, जुळवून बनवतो. कारखान्यात मात्र प्रत्येक भागाला थोडी सूट असते: हा शतांश मिलिमीटर इकडे, तो तिकडे. पाच भागांच्या सुटी एकाच बाजूला पडल्या की बेरीज मोठी होते. तिरक्या नळीच्या पिस्तुलांवर शंभर वर्षं हजारो लोकांनी हात फिरवला आहे. कुठली सूट चालते आणि कुठली नाही, हे तिथे पाठ आहे. पेडरसनच्या यंत्रणेबाबत ते शहाणपण मध्येच तुटलं. म्हणजे कल्पना सदोष नव्हती, आणि तरीही हातातली वस्तू सदोष होती. ‘यंत्रणाच बोगस’ म्हणणारे आणि ‘शंभर वर्षांची सिद्ध यंत्रणा’ म्हणणारे, दोघंही चुकतात.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे बंदुकीचा बार फुसका गेला की राखणदार कोपला, नजर लागली, असं म्हणायची रीत आहे. बंदूक घ्यावी का, यासाठी देवाला कौल लावणारे लोक मी पाहिले आहेत. दसऱ्याला शस्त्राला फूल वाहायला माझी हरकत नाही, मीही वाहतो. पण आषाढात बार फुसका जातो तो दमट हवेत ओलावलेल्या दारूमुळे किंवा दारू पेटवणाऱ्या केपाच्या खराबीमुळे, आणि खाऱ्या वाऱ्यात तेल न लावलेली स्प्रिंग गंजते. नारळ दिल्याने यातलं काहीही सुधारत नाही, आणि भरलेली बंदूक ‘आता बाधा गेली’ म्हणून पुन्हा रोखणारा माणूस स्वतःचा डोळा धोक्यात घालतो. ‘नवी आवृत्ती आहे, विश्वास ठेवा’ हे विक्रेत्याचं वाक्यही मी याच रांगेत बसवतो.

मग ठरवायचं कसं? मोजून. पन्नास गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही, म्हणून पिस्तूल निर्दोष असं लोक सांगतात. गणित काय म्हणतं बघा. समजा पिस्तूल दर शंभरात सरासरी सहा वेळा अडकणारं आहे. तरीही सलग पन्नास वेळा सुरळीत चालण्याची शक्यता सुमारे पाच टक्के उरतेच. म्हणून पन्नास निर्वेध बारांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दोषाचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आत आहे. लक्षात ठेवायला सोपं सूत्र: ३ भागिले झाडलेल्या गोळ्या. दोनशे निर्वेध गोळ्यांनंतर दीड टक्का, पाचशेनंतर ०.६ टक्के. यातही गोळ्या रोज वापरायच्या त्याच जातीच्या हव्यात आणि मॅगझिन बदलून बदलून हवीत. एकही अडकली तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

हे सगळं भाच्याला सांगितलं आणि त्याला पहिला प्रश्न विचारला की पिस्तूल २०१४ च्या खेपेतलं आहे की २०१६ नंतरचं. पहिल्या खेपेतलं असेल तर किंमत कितीही कमी असो, हात लावायचा नाही. मिटलेलं नसताना उडणारं पिस्तूल परीक्षेसाठीसुद्धा झाडू नये. दुसऱ्या आवृत्तीबद्दल तक्रारी कमी होत्या, तिची दोनशे गोळ्यांची परीक्षा घेता येईल. पण तिथे दुसरीच अडचण आहे. रेमिंग्टन २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. आर-५१ आता कुणी बनवत नाही. ठोकळ्याची किंवा खांद्याची कड झिजली, तर ते अंतर पुन्हा जुळवून देणारा कारखाना नाही, आणि हे काम कानशीने घरी करण्यासारखं नाही.

माझं मत त्याला दिलं ते असं: रात्री दार वाजलं तर उशाशी हवं म्हणून घेत असशील तर नको, तिरक्या नळीचं एखादं रुळलेलं पिस्तूल घे आणि दोनशे गोळ्या त्याच्याही मोज. यंत्र आवडलं म्हणून घेत असशील आणि ते दुसऱ्या आवृत्तीचं असेल, तर घे. घेतलंस तर आधी मॅगझिन काढ, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामं आहे याची बोट घालून खात्री कर आणि स्लाईड हळूहळू मागे ओढ. ठोकळा कुठे उचलला जातो ते बोटांना कळतं का, ते मला कळव. पेडरसनच्या एकस्वाची (पेटंटची) मुदत कधीच संपली आहे, कुणीही ही यंत्रणा वापरू शकतं, आणि आज संगणकावर चालणारी यंत्रं ज्या बारकाईने पोलाद कापतात ती बारकाई १९१८ मध्ये नव्हती. तरी आर-५१ नंतर मोठ्या कारखान्यांपैकी कुणी तिच्या वाटेला गेलेलं माझ्या पाहण्यात नाही.