पंप बंद पडल्यावर नळात काय होते: जलाघाताच्या विश्लेषणाची पार्श्वभूमी

नळातून वाहणारे पाणी एकाएकी अडवले की दाब उसळतो आणि त्या दाबाची लाट नळातून पुढेमागे धावू लागते. या जलाघाताचा उपयोग माणसाने त्याच्या गणिताआधीच करून घेतला होता. मोंगोल्फिये यांनी 1796 मध्ये तयार केलेला हायड्रॉलिक रॅम याच धक्क्याच्या बळावर पाणी वर चढवत असे. 1858 मध्ये लुइजी मेनाब्रेआ यांनी पाणी दाबले जाते आणि नळाची भिंत ताणली जाते हे दोन्ही लक्षात घेऊन ऊर्जेच्या अंगाने या धक्क्याचा विचार मांडला, आणि 1878 मध्ये डच गणिती कोर्तेवेख यांनी लाटेच्या वेगाचे सूत्र दिले. पोलादी नळात लाट सेकंदाला साधारण हजार मीटर वेगाने जाते, तर पीव्हीसीच्या नळात तीनशे-चारशे मीटरनेच, याचा उलगडा त्या सूत्रातून होतो.

निकोलाय झुकोव्स्की यांनी 1897-98 मध्ये मॉस्कोच्या अलेक्सेयेव्हस्काया पंपगृहात लांब नळांवर केलेल्या प्रयोगांनी या विषयाला भक्कम पाया मिळाला. पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि प्रवाहाच्या वेगातील बदल यांचा गुणाकार म्हणजे दाबातील बदल, हे त्यांचे सूत्र आजही प्रत्येक आराखड्यात पहिल्यांदा वापरले जाते. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी पोलादी नळात क्षणात थांबले, तर सुमारे शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब वाढतो, आणि हा दाब आधीच्या दाबात मिळवायचा असतो. रक्तवाहिन्यांतील नाडीचा अभ्यास करणारे फॉन क्रीस 1883 मध्येच याच सूत्रापाशी पोहोचले होते. अभियंत्यांनी त्याची दखल फार उशिरा घेतली, ही खरोखर खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

अलिएव्ही यांनी 1902 आणि 1913 मध्ये सर्वसाधारण सिद्धांत बांधला, पण त्यांच्यासमोर मुख्यतः जलविद्युत केंद्राचा नळ आणि त्याची बंद होणारी झडप होती. उपसा योजनेतील ऊर्ध्ववाहिनीचा, म्हणजे पंपातून पाणी वर नेणाऱ्या नळाचा, प्रश्न उलट्या दिशेने सुरू होतो. वीज गेली की पंपाची गती काही सेकंदांत ओसरते आणि पंपापाशी दाब आधी कोसळतो. पाच किलोमीटरच्या पोलादी वाहिनीत ही घट दुसऱ्या टोकाला पोहोचून परत यायला दहा सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत वाहिनीच्या उंच भागांत दाब बाष्पदाबापर्यंत, म्हणजे पाण्याची वाफ होऊ लागते इतका खाली, उतरला तर पाण्याचा स्तंभ तुटतो, आणि तुटलेले भाग पुन्हा एकमेकांवर आदळतात तेव्हा नळ फोडणारा खरा धक्का बसतो. नळ दाबाने फुटण्याची भीती सगळ्यांनाच असते, पण या आधीच्या पोकळीकडे पुरेसे लक्ष जात नाही.

हे गणित मांडायचे तर पंपाचे वर्तनही त्यात यावे लागते. 1929 मध्ये श्नायडर यांनी आलेख पद्धत पंपाच्या वाहिन्यांना लावली आणि पाठोपाठ बेर्जेराँ यांनी ती अधिक व्यापक केली: दाब आणि विसर्ग यांच्या आलेखावर ठरावीक उताराच्या रेघा ओढत जायचे, आणि त्या पंपाच्या वक्राला जिथे छेदतील तिथे त्या क्षणाची स्थिती वाचायची. थांबलेला पंप उलट फिरू लागल्यावर कसा वागतो, हे 1937 मध्ये नॅप यांनी मांडलेल्या पंपाच्या संपूर्ण वैशिष्ट्यवक्रांमुळे (सुलट-उलट फिरण्याच्या सर्व स्थितींतील वर्तनाच्या आलेखांमुळे) हिशेबात घेता आले. पार्माकियन यांच्या 1955 च्या ग्रंथातील तयार आलेखांवर अभियंत्यांची एक संपूर्ण पिढी विसंबून राहिली.

1960 च्या दशकात स्ट्रीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैशिष्ट्यरेषा पद्धत संगणकावर आणली. नळाचे लहान भाग पाडायचे आणि लाट एक भाग ओलांडते तेवढ्याच काळाच्या पायरीने पुढे जायचे, ही तिची रीत आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टिकून आहे. आकडेमोडीचे कष्ट त्यामुळे संपले. पंप व मोटरचे जडत्व, एअर व्हॉल्व्हमधून आत येणारी व बाहेर जाणारी हवा आणि पाणी उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मिटायला लागणारा वेळ यांची खरी माहिती मात्र अभियंत्यालाच पुरवावी लागते, आणि एअर व्हेसल (धक्का सोसण्यासाठी वाहिनीला जोडलेले दाबाखालील हवेचे पात्र) किती मोठे घ्यायचे याचे उत्तर त्या माहितीनुसार बदलते.