महाराष्ट्रातील शाळा पुन्हा उघडण्याचा वाद: पार्श्वभूमी

मार्च 2020 च्या मध्याला कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या तेव्हा तो निर्णय काही आठवड्यांपुरता आहे अशीच सर्वांची समजूत होती. पहिली ते चौथीचे वर्ग प्रत्यक्षात भरायला 1 डिसेंबर 2021 उजाडला. या वीस महिन्यांतील वाद वरवर पाहता आरोग्य की शिक्षण असा दिसतो, परंतु शासनाचे आदेश क्रमाने वाचले तर त्याचे मूळ दोन प्रश्नांत सापडते: आधी कोणत्या मुलांना बोलवायचे आणि ते कोणी ठरवायचे.

जून 2020 मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषणेखाली नवे शैक्षणिक वर्ष ऑनलाइन सुरू झाले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका आली, तर सोलापुरात निलमनगरच्या शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, जेणेकरून घरात स्मार्टफोन नसलेल्या मुलांनाही येता-जाता अभ्यास करता यावा. दुसरीकडे अनेक शाळांच्या इमारती विलगीकरण केंद्रांसाठी घेतल्या गेल्या होत्या आणि शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाचे काम लावले होते. शाळा उघडण्याच्या चर्चेत या अडचणीची दखल फारशी घेतली गेली नाही.

केंद्राने 15 ऑक्टोबर 2020 नंतरचा निर्णय राज्यांवर सोपवल्यावर तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे जाहीर केले. शिक्षकांना आरटीपीसीआर चाचणी आणि विद्यार्थ्यांना पालकांचे लेखी संमतीपत्र बंधनकारक होते. चाचण्यांत काही शिक्षक बाधित निघाले, आणि अखेरचा शब्द स्थानिक प्रशासनाचा असल्याने मुंबई, ठाणे, पुणे यांनी वर्ग पुढे ढकलले. पाचवी ते आठवीचे वर्ग 27 जानेवारी 2021 पासून बहुतेक भागांत भरले, परंतु फेब्रुवारीत अमरावतीसह विदर्भात रुग्ण वाढू लागले आणि दुसऱ्या लाटेत सारेच पुन्हा बंद झाले. एप्रिलमध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली, जूनमध्ये बारावीची.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने गाव कोरोनामुक्त करून जून 2021 मध्येच शाळा भरवली होती. जुलैतील शासन निर्णयाने हीच वाट इतर गावांना मोकळी केली: महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावाने ठराव करावा आणि आठवी ते बारावीचे वर्ग 15 जुलैपासून सुरू करावेत. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, एका वर्गात फार तर 15 ते 20 मुले, अशा अटी होत्या. आपल्या गावातील परिस्थिती पाहून निर्णय घेण्याचा अधिकार प्रथमच ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचला.

तो विस्तार मात्र लगेच अडला. 10 ऑगस्टच्या शासन निर्णयाने ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून वर्ग 17 ऑगस्टला सुरू व्हायचे होते. तिसऱ्या लाटेचा धोका आणि मुलांचे न झालेले लसीकरण यांकडे बोट दाखवून कोरोनाबाबत राज्य शासनाला सल्ला देणाऱ्या कृती दलातील डॉक्टरांनी हरकत घेतली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. डॉक्टरांची काळजी खोटी नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत खाटा आणि प्राणवायूसाठी झालेली धावपळ त्यांनी जवळून पाहिली होती. तरीही महानगरांतील अनुभवाचे माप दुर्गम तालुक्यांना लावणे योग्य नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी झालेल्या राज्यस्तरीय सर्वेक्षणात सुमारे 81 टक्के पालकांनी शाळा उघडण्याच्या बाजूने कौल दिला होता, आणि ते सर्वेक्षणही ऑनलाइन असल्याने ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांचे म्हणणे त्यात उमटणे कठीणच होते. त्याच ऑगस्टमध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातील केवळ 8 टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत असल्याचे आढळले, तर 37 टक्के मुलांचा अभ्यास पूर्णपणे थांबला होता.

वयाच्या क्रमाबद्दलही मतभेद होता. डेन्मार्कने एप्रिल 2020 मध्येच लहान मुलांना आधी शाळेत बोलावले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनीही जुलै 2021 मध्ये, लहान मुले विषाणूला मोठ्यांपेक्षा चांगले तोंड देतात म्हणून प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल, असे सांगितले. महाराष्ट्रात मात्र बोर्डाच्या परीक्षा डोळ्यांसमोर असल्याने आणि चिमुकल्यांकडून मुखपट्टी व अंतर पाळले जाणार नाही या भीतीने क्रम उलटा राहिला. 4 ऑक्टोबर 2021 रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून, शहरांत आठवीपासून वर्ग सुरू झाले. धाकट्यांना डिसेंबरची वाट पाहावी लागली. मुंबईत त्यांचे वर्ग 15 डिसेंबरला भरले आणि ओमायक्रॉनमुळे 4 जानेवारीला पुन्हा बंद झाले. राज्यभरातील शाळा 15 फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश त्यामागोमाग आला, पण पालक आणि शिक्षकांतून विरोध वाढल्याने 24 जानेवारीपासून निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडण्यात आला.

जून 2020 मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरीचे निम्मे वर्ष सरल्यावर. 2022 मध्ये ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासणारी ‘असर’ची पाहणी झाली तेव्हा हीच तुकडी तिसरीत होती. ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होते, ते या पाहणीत 20.5 टक्क्यांवर आले.