नदीपात्रातील दात व जीवाश्म : ओळख

ओढ्यांच्या व नद्यांच्या पात्रात, बहुधा पावसाळ्यात काठ ढासळल्यावर उघड्या पडणाऱ्या दातांवरून आणि हाडांवरून प्राणी व त्याचा काळ ठरविण्याची पद्धत. महाराष्ट्रात असे अवशेष गोदावरी, प्रवरा, मांजरा, घोड इत्यादी नद्यांच्या जुन्या गाळात, विशेषतः चुन्याने घट्ट जुळलेल्या गोट्यांच्या थरांत मिळतात. नांदूर मधमेश्वर परिसरातील गोदावरीच्या गाळात मिळालेल्या हत्तीच्या अवशेषांचे वर्णन भूवैज्ञानिक जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये केले. नेवासे येथे प्रवरेच्या गोट्यांच्या थरांत बॉस नामाडिकस या रानटी बैलाचे अवशेष दगडी हत्यारांच्या सोबत मिळाले. काळ्या पाषाणाच्या लाव्ह्यात मात्र हाडे टिकत नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळात जे जीवाश्म मिळतात, ते सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे असून नदीच्या गाळाशी त्यांचा संबंध नाही.

हाडांच्या मानाने दात अधिक सापडतात, कारण त्यांवरील एनॅमल (दाताचे कठीण बाह्य आवरण) सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि गोट्यांबरोबर घरंगळूनही ते सहसा झिजून नाहीसे होत नाही. ओळख पटते ती प्रामुख्याने चावण्याच्या पृष्ठभागावरून. गाय, म्हैस, हरीण, शेळी यांच्या दाढांवर चंद्रकोरीसारख्या कडा असतात. त्यांतही गाय-बैलांच्या दाढा उंच असतात व दाढेच्या दोन खंडांच्या (उभ्या भागांच्या) मध्ये एक बारीक खांब उभा दिसतो. हरणाची दाढ त्या मानाने बुटकी असते. या प्राण्यांच्या खालच्या जबड्यातील शेवटच्या दाढेला तीन खंड असतात, त्यामुळे ती सुटी मिळाली तरी लगेच ध्यानात येते. घोड्याची दाढ उंच, चौकोनी व सपाट असून तिच्या माथ्यावर एनॅमलच्या नागमोडी घड्या पसरलेल्या असतात. डुकराच्या दाढेवर गोलसर उंचवटे असतात, तर गोदावरी व नर्मदेच्या गाळात मिळणाऱ्या, आता भारतातून नामशेष झालेल्या पाणघोड्याची झिजलेली दाढ तिपानी आकृती दाखविते. हत्तीची दाढ म्हणजे एकापुढे एक उभ्या रचलेल्या, मध्ये सिमेंट (दातातील हाडासारखा पदार्थ) भरलेल्या पट्ट्यांचा जुडगाच असतो. तिचा सुटा तुकडा पाहून ती दाढ आहे हे नवख्याला सहसा पटत नाही. स्टेगोडॉन या हत्तीसारख्या लुप्त प्राण्याच्या दाढेवर छपरासारखे बुटके कणे असतात. मगरीचा दात शंकूसारखा असून बुडाशी पोकळ असतो. गाय आणि म्हैस यांच्यातील फरक मात्र एका सुट्या दाढेवरून तज्ज्ञांनाही खात्रीने सांगता येत नाही.

प्राणी ओळखणे हा प्रश्नाचा सोपा भाग होय. काळ ठरविणे अवघड असते. काळा किंवा तपकिरी रंग हा पुरावा नव्हे, कारण पाण्यातील लोह व मँगनीज यांचे डाग अगदी अलीकडच्या हाडावरही चढतात. गावाजवळच्या ओढ्यात मिळणारे बहुतेक दात अलीकडच्या काळात मेलेल्या गुरांचेच असतात, मग ते कितीही काळे दिसोत. जड वजन, दगडासारखा आवाज आणि फटींत चिकटलेला चुनखडीयुक्त लेप या खुणा जीवाश्माकडे बोट दाखवितात. सापडलेला दात गाळाच्या कोणत्या थरातून आला, हे कळले तरच त्याचे वय ठरविता येते. पात्रात वाहत आलेला दात तो थर मागे टाकून आलेला असतो. म्हणून काठाच्या ज्या थरात तो रुतलेला दिसतो, तेथेच मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेणे व जागेची नोंद करणे हे त्याला उपटण्यापूर्वीचे काम आहे.

फसवे दगडही पुष्कळ असतात. काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार झालेल्या झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या गुठळ्या दातांसारख्या दिसतात, गोल गारगोट्या अंड्यांसारख्या, आणि मुळांभोवती साचलेल्या चुनखडीच्या नळ्या हाडांसारख्या. खऱ्या दाताच्या मोडलेल्या कडेला चकचकीत एनॅमल व त्याखालचा मंद दंतिन (दाताचा आतील भाग) असे दोन थर भिंगातून स्पष्ट दिसतात. दगडात अशी रचना नसते.

सापडलेला दात ब्रशने घासू नये व डिंकाने जोडू नये. ओला असल्यास सावलीत हळूहळू वाळवावा. तुलनेसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आधुनिक व प्राचीन प्राण्यांच्या हाडांचे संग्रह आहेत. वाघाचे ताजे सुळे किंवा हस्तिदंत आढळल्यास ते घरी नेता येत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांची माहिती वन विभागाला द्यावी लागते.