काजूटरफल तेल

काजूबीच्या टरफलातून निघणारे दाट, तांबूस-काळपट, दाहक तेल. अखाद्य. बीच्या वजनात टरफल साधारण ६५ ते ७० टक्के भरते. त्याच्या दोन कठीण पापुद्र्यांमधल्या सच्छिद्र थरात हे तेल असते. उतारा टरफलाच्या २० ते ३० टक्के.

काजू भारतात पोर्तुगीजांनी आणला, याबद्दल वाद नाही. वाद काळाचा आहे. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात काजू नाही, तर दुसरा पोर्तुगीज वैद्य क्रिस्तोव्हाँ द अकोस्ता १५७८ मध्ये कोचीनच्या बागांतील काजूचा उल्लेख करतो. त्यामुळे आगमन या दोन वर्षांच्या दरम्यान झाले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. मात्र ओर्ताचे मौन हा पक्का पुरावा नव्हे.

कच्च्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल सुमारे ६० ते ७० टक्के असते; त्याखालोखाल कार्डॉल आणि थोडे कार्डॅनॉल. ही तिन्ही फिनॉल वर्गातली, एकमेकांशी मिळतीजुळती संयुगे. हे कार्डॅनॉल मुळातच टरफलात असते की तेल काढताना आम्लापासून तयार होते, यावर एकमत नाही. उष्णतेने आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून कार्डॅनॉल बनते हे निश्चित असल्याने, निदान त्याचा बराचसा भाग प्रक्रियेतला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

जुन्या पद्धतीत बी १८० ते २०० अंश सेल्सिअस तापलेल्या याच तेलात बुडवून भाजत; टरफलातले तेल आपोआप बाहेर येई. बी वाफवून फोडणाऱ्या कारखान्यांत तेल टरफलातच राहते व नंतर एक्सपेलरने (दाबून तेल काढणाऱ्या यंत्राने) काढतात. ते निवळून, गाळून सुमारे १४० अंशांपर्यंत तापवतात. या वेळी वायू सुटून जोराचा फेस येतो. भांडे निम्म्याहून जास्त भरले, किंवा तेलात पाणी राहिले, तर ते उतू जाते. आच अति झाली की तेल डिंकासारखे घट्ट होते. शुद्ध कार्डॅनॉल हवे असल्यास निर्वात ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे हवा काढून घेतलेल्या भांड्यात त्याची वाफ करून ती पुन्हा थंड करतात.

कार्डॅनॉल व फॉर्माल्डिहाइड यांची राळ (रेझिन) कडक करून दळली की ब्रेक-लायनिंगमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरात, घालायची भुकटी मिळते. रेणूतील १५ कार्बनांच्या लांब शेपटीमुळे ती थोडी लवचीक राहते आणि ब्रेकचा किंचाळा कमी होतो. जहाजांच्या इपॉक्सी रंगांसाठी कार्डॅनॉलपासून केलेले दृढकारक (रंग घट्ट करणारे घटक) थंड, ओलसर पृष्ठभागावरही काम देतात. लाकडी होड्यांना व वाळवीविरुद्ध तेल लावण्याची रीत जुनी आहे.

बिब्बा काजूच्याच कुळातला. त्याच्यासारखेच हे तेलही अंगावर उतते. म्हणून बी फोडताना हाताला खोबरेल किंवा राख लावतात. तेल काढलेली पेंड बॉयलरमध्ये जाळतात. तेल न काढता टरफले जाळली तर धूर झोंबतो आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो.