पिशवी ‘बायोडिग्रेडेबल’ आहे की ‘कंपोस्टेबल’?

पिशवीवर हिरवं पान छापलेलं असतं, खाली ‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘कंपोस्टेबल’ असं लिहिलेलं असतं आणि आपण दोन्हीचा अर्थ एकच घेतो: मातीत टाकली की संपली. मुलांनाही आपण तेच सांगतो. या दोन शब्दांत फरक मात्र बराच आहे, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो सहज कळतो.

बायोडिग्रेडेबल म्हणजे जिवाणू, बुरशी यांसारखे सूक्ष्मजीव खाऊन संपवू शकतील अशी वस्तू. एवढंच. किती दिवसांत, कुठे, मागे काय उरणार, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. लाकडाचा ओंडका बायोडिग्रेडेबल आहे, पण जंगलात तो कित्येक दशकं पडून राहू शकतो. म्हणून नुसता ‘बायोडिग्रेडेबल’ हा शिक्का मला फारसा कामाचा वाटत नाही. खोटं न बोलताही त्याच्या आड बरंच काही लपवता येतं.

कंपोस्टेबल म्हणणाऱ्याला मात्र हिशेब द्यावा लागतो. ‘ईएन १३४३२’ हे युरोपीय मानक बघा. त्यानुसार वस्तू कंपोस्टच्या ढिगात १२ आठवडे ठेवतात आणि मग ते कंपोस्ट २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर मूळ वस्तूचा दहा टक्क्यांहून जास्त भाग उरता कामा नये. शिवाय सहा महिन्यांच्या आत तिच्यातल्या कार्बनचा किमान ९० टक्के भाग सूक्ष्मजीवांनी कार्बन डायऑक्साइडमध्ये बदललेला असावा लागतो. जड धातूंना मर्यादा असते, आणि त्या कंपोस्टमध्ये रोपं नीट वाढतात का, हेही तपासतात. थोडक्यात, प्रत्येक कंपोस्टेबल वस्तू बायोडिग्रेडेबल असते, पण प्रत्येक बायोडिग्रेडेबल वस्तू कंपोस्टेबल नसते.

इथवर सोपं आहे. गोची पुढे आहे. ही चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात टनावारी ओला कचरा एकत्र असतो, सूक्ष्मजीवांच्या कामामुळेच ढीग तापतो आणि आकारामुळे ती ऊब टिकते. घरातली कुंडी किंवा बादली एवढी तापतच नाही. म्हणून पानाचं चित्र बघून पिशवी घरच्या खतात टाकली आणि सहा महिन्यांनी जवळपास तशीच निघाली, तर त्यात तुमच्या खताचा दोष नाही. घरच्या खतासाठी वेगळा शिक्का असतो, ‘होम कंपोस्टेबल’. त्याची चाचणी २० ते ३० अंशांत घेतात आणि मुदत वर्षभराची असते. पिशवी घरच्या कुंडीत जिरवायची असेल तर हाच शिक्का शोधायचा.

जागा बदलली की उत्तर कसं बदलतं, हे प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांच्या प्रयोगात छान दिसतं. त्यांनी वेगवेगळ्या पिशव्या मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. ‘बायोडिग्रेडेबल’ पिशवी तीन वर्षं मातीत किंवा समुद्रात राहूनही सामान भरून नेण्याइतकी धड होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. तीच मातीत २७ महिन्यांनंतरही सापडली, फक्त वजन घालताच फाटली.

कचरा डेपोच्या पोटात तर अजून वेगळा कारभार. तिथे दाबून भरलेल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. ॲरिझोना विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ विल्यम राथजे यांनी १९७३ मध्ये कचऱ्याचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांनी असे डेपो खणले, तेव्हा कित्येक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं सहज वाचता येतील अशा अवस्थेत निघाली. कागदासारखी वस्तू! आणि हवेविना जे काही कुजतं, त्यातून मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. ‘आपोआप कुजेल’ म्हणून काहीही कचऱ्याच्या डब्यात ढकलण्याची सवय म्हणूनच वाईट.

‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ या तिसऱ्या प्रकारापासून तर लांबच राहा. साध्या प्लास्टिकमध्ये धातूंचे क्षार मिसळले की ऊन आणि उष्णता लागून त्याचे तुकडे पडतात. तुकडे पडले म्हणजे संपलं असं नव्हे, ते नुसतं दिसेनासं होतं. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने या प्रकारावर बंदी घातली. आणि ‘वनस्पतीपासून बनवलेलं’ ही ओळही वेगळीच बाब आहे. उसापासून पॉलिथिन बनतं, पण ते साध्या पॉलिथिनसारखंच कुजत नाही. उलट बऱ्याच कंपोस्टेबल पिशव्यांमधला एक घटक खनिज तेलापासून येतो. वस्तू कशापासून आली आणि ती कशात जाईल, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे.

हे सगळं मुलांना तोंडी सांगितलं तर दहा मिनिटांत विसरतील. त्यापेक्षा एक मोठी कुंडी घ्या. बागेतली जिवंत माती भरा, निर्जंतुक केलेली विकतची माती नको. त्यात सुती कापडाचा तुकडा, वाळकं पान, वर्तमानपत्राचा कागद, ‘बायोडिग्रेडेबल’ पिशवीचा तुकडा आणि ‘कंपोस्टेबल’ पिशवीचा तुकडा, सगळे तळहाताएवढे कापून, वेगवेगळे पुरा. प्रत्येक तुकडा नायलॉनच्या जाळीत गुंडाळा, नाहीतर नंतर शोधताना मातीच चिवडत बसाल. जागा कळावी म्हणून काड्या खोचा. माती पिळलेल्या फडक्याइतकी ओलसर ठेवा. सुकली की काम थांबतं, चिखल झाला की हवा अडते.

दर महिन्याला उकरायचं, चौकटीच्या वहीच्या कागदावर तुकडा ठेवून फोटो काढायचा आणि किती चौकोन उरले ते मुलांनी मोजायचं. कापडाला शिवण असेल तर मजा बघा: सूत विरून जातं आणि पॉलिएस्टरचा दोरा तसाच लोंबत राहतो. काही देशांत शेतकरी मातीची तब्येत बघायला सुती चड्डी पुरतात, दोनेक महिन्यांनी चांगल्या मातीत जवळपास इलॅस्टिकच उरतं. हे सांगितलं की मुलं हसतात आणि स्वतःची जुनी चड्डी घेऊन येतात. येऊ द्या. उकरून झालं की साबणाने हात मात्र धुवायला लावा.

‘कंपोस्टेबल’ तुकडा धडधाकट निघाला तर लगेच ‘कंपनीने फसवलं’ म्हणू नका. मुलांना थर्मामीटर द्या, मातीत खोचायला सांगा आणि आलेला आकडा ५८ च्या शेजारी लिहून घ्या.

राहिला प्रश्न घरात आधीच जमलेल्या पिशव्यांचा. तुमच्याकडचा ओला कचरा खरंच कंपोस्ट प्रकल्पात जात असेल आणि तो प्रकल्प अशा पिशव्या घेत असेल, तर कंपोस्टेबल पिशवी त्या डब्यात अस्तर म्हणून वापरा. प्लास्टिकच्या रिसायकलिंगमध्ये ती टाकू नका, तिथे ती बाकीचा माल बिघडवते. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून मिळालेली पिशवी साध्या प्लास्टिकची आहे असं धरून फाटेपर्यंत वापरा.