बोंडअळी पडली म्हणजे आज्ञा मोडली?

नवापूरकडच्या ख्रिस्ती प्रार्थनासभांत एक वाक्य कायम कानावर पडतं: आज्ञा पाळली तरच देव वचन पाळतो. मग कुणाच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली की कुजबुज सुरू, 'दादांचं काहीतरी चुकलं असणार.'

बायबलातल्या 'अनुवाद' पुस्तकाच्या 28व्या अध्यायात आशीर्वाद-शाप आज्ञापालनाला जोडलेत, हे खरं. पण तो मोशेमार्फत इस्राएल राष्ट्राशी झालेला करार. सगळी वचनं त्या साच्यातली नाहीत. 'उत्पत्ती' पुस्तकाचा 15वा अध्याय बघा, तिथे देव अब्रामाला (पुढचा अब्राहाम) संततीचं आणि देशाचं वचन देतो. जनावरं कापून अर्धे-अर्धे तुकडे समोरासमोर मांडलेले, सूर्य मावळलेला, अब्रामाला गाढ झोप. करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालत जायचं, अशी तेव्हाची रीत. इथे गेली ती धुमसती शेगडी आणि पेटती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण. अब्राम गेलाच नाही! प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हेच बजावतो: मोशेचं नियमशास्त्र 430 वर्षांनी आलं, ते आधीचं वचन रद्द करत नाही.

मग आज्ञा सोडायच्या? छे. योहान 14:15 मध्ये आधी प्रीती आहे, मग पालन. आणि जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी 'पाप कुणाचं?' विचारलं, तेव्हा येशूनं सांगितलं, याचंही नाही, आईबापांचंही नाही.

बोंडअळीचं म्हणाल, तर ती फरदड ठेवल्यानं, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवल्यानं, वाढते.